युगपालटाची हाक

सासऱ्यांनी सुनेला पहिल्यांदा 'ताई' म्हटलं तेव्हा सगळं घर हसलं. तीही हसली. म्हाताऱ्या माणसाची जीभ घसरते कधी कधी, त्यात काय एवढं? दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा फक्त नवरा हसला. मग एका सकाळी सासऱ्यांनी तिचा पदर ओढला आणि अगदी लहान मुलासारखं लाडात येऊन म्हणाले, "ताई, मला पण फिरवू दे ना गं चाक!" तेव्हा मात्र तिच्या हातातला ताग गळून पडला.

कारण दिव्यांचं युग सरत आलं होतं, आणि त्या घराची हाक सासऱ्यांच्या तोंडी होती.

हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा चार शब्द चुकला तर बाईने एवढं हबकायचं कशाला? तर त्या जगात काळ आपल्यासारखा चोरपावलांनी सरकत नसे. अख्खंच्या अख्खं युग एका दुपारी उठून चालतं व्हायचं. पहिलं डोंगरांचं युग. तेव्हा डोंगर चालायचे आणि माणसं त्यांच्या पाठीवर घरं बांधून राहायची. सकाळी दार उघडावं तर समोर भलताच शेजार! मग पाण्याचं युग आलं. संध्याकाळ झाली की नदी घरोघर येऊन बसायची, विचारपूस करायची, आणि उठताना एखाद्याला बरोबर घेऊन जायची. मग पाखरांचं. त्यांच्या राज्यात माणसाला मान वर करून बघायची सोय नव्हती. म्हातारी माणसं अजून खाली बघून चालतात ती त्यामुळेच. आणि त्यानंतर हे दिव्यांचं युग, सगळ्यांत सुखाचं. घरोघर ज्योती तेलावाचून जळायच्या, अंधारात माणसाच्या पुढे पुढे चालायच्या, थंडीत पोरांच्या अंथरुणाशी येऊन बसायच्या.

पण युग पालटताना माणूस आपोआप पुढे जात नाही. त्याला न्यावं लागतं. बुरुजावरचं मोठं शिंग वाजू लागलं की घरातलं एक माणूस उंबरा ओलांडून रस्त्यावर जातं, कारण रस्ता तोवर नव्या युगात गेलेला असतो. मग ते वळून आतल्या एकेकाला हाक मारतं. हाक नात्याने मारायची, नावाने नाही. नाव जुन्या युगातच राहतं, पलीकडे गेल्यावर नवं घ्यावं लागतं. ज्याला हाक मिळाली तो बाहेर आला. ज्याला नाही मिळाली तो राहिला. शिंग थांबलं की संपलं.

आणि ही हाक कोणीही मारून चालत नाही. मागच्या पालटात त्याच उंबऱ्यावरून जो हाकेने बाहेर आला असेल, त्याच्याच हाकेत तेवढा जोर असतो. दोर वळणाऱ्यांच्या त्या घरात असं माणूस एकच उरलं होतं. तेच आता सुनेला ताई म्हणत होतं आणि चाक मागत होतं.

बरं, ती ताई कोण, हे तरी साधं असावं की नाही? तेही नव्हतं.

पाखरांचं युग संपलं तेव्हा सासरे असतील सात-आठ वर्षांचे, आणि त्यांची ताई थोडी मोठी. घरामागे दोर वळायची लांबलचक पडवी, तिथेच त्यांचे वडील काम करत. एका टोकाला चाक, रस्त्याकडच्या दाराशी. दुसरं टोक पार आत, काळोखात. दोराला पीळ बसत असताना आतलं टोक कोणीतरी धरून उभं राहायचं, आणि चाकावरचा माणूस 'सोड' म्हणेपर्यंत काही झालं तरी सोडायचं नाही. सोडलं की सगळा पीळ सुटून जातो आणि दिवसाची मेहनत मातीत जाते. त्या घरातली पोरं बोलायला शिकायच्या आधी हे शिकतात. तर त्या दुपारी अवचित शिंग वाजलं. आजीने बाहेर जाऊन सगळ्यांना हाका मारल्या. ताईलाही मारली, "नाती, ये!" पण ताईच्या हातात टोक होतं. तिला कोणी 'सोड' म्हटलंच नाही. गुणी पोर, धरून उभी राहिली. गडबडीत ही गोष्ट कोणाच्या लक्षात येईपर्यंत शिंग थांबलं होतं.

तेव्हापासून पडवीच्या त्या टोकाला कोणीतरी उभं असतं, असं सगळे म्हणायचे. दिसायचं काही नाही. पण ताणलेला दोर कधी कधी आतून हलकेच ओढला जायचा.

आता या सुनेचं काम काय? ताग कमरेला गुंडाळायचा, एक टोक चाकाला अडकवायचं, आणि नवरा चाक फिरवू लागला की बोटांनी ताग सोडत सोडत मागे चालत जायचं. मागे! तोंड चाकाकडे, पाठ त्या काळोख्या कोपऱ्याकडे. लग्न होऊन आल्यापासून ती रोज पाठमोरी त्या टोकाकडे चालत होती, आणि रोज तिथे पोचायच्या आधीच थांबत होती. मानेवर कोणीतरी श्वास सोडतंय असं वाटायचं आणि पाय पुढे, म्हणजे मागे, सरकायचेच नाहीत. तिचे दोर सगळ्यांपेक्षा आखूड भरायचे. नवरा चिडायचा. "अगं, अजून दहा पावलं जागा आहे की! काय खातंय का तुला तिथं कोणी?" झाडलोटीलासुद्धा ती थाळी वाजवत आत जायची, कोपऱ्याकडे न बघता झाडू मारायची आणि धावत बाहेर यायची.

त्या महिन्यात दिवे मंदावले. आधी रस्त्यावरचे, मग घरातले. ज्योती कोपऱ्यात तोंड घालून बसू लागल्या, हाक मारली तरी येईनात. बायका दारात उभ्या राहून हळू आवाजात बोलू लागल्या. शिंगाला हवा भरायची ती लोहाराच्या मोठ्या भात्याने, म्हणून लोहाराचा भाव एकदम वधारला. एरवी त्याला कोणी विचारत नसे. आता येणारा-जाणारा 'दादा, बरं आहे ना?' म्हणून पुढे जाई.

सून गेली ती लोहाराच्या आईकडे. त्या म्हातारीने मागचा पालट पाहिला होता, आणि तिचं डोकं अजून शाबूत होतं.

"आजी, समजा हाक मारणाऱ्याने नातं चुकीचं घेतलं," तिने विचारलं. "समजा सुनेला बहीण म्हटलं. तर चालतं का?"

म्हातारी शेंगांची टरफलं काढत होती. तिचे हात थांबले. "तुझा सासरा म्हणतो का तसं?"

सुनेच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं.

"मग ऐक पोरी. पाखरांच्या वेळी आमच्या शेजारी एक बाई होती. तिला कोणी हाक मारायला विसरलं, आणि ती घाबरून जावेच्या हाकेवर बाहेर गेली. गेली खरी. जिवंत राहिली, धडधाकट राहिली. पण त्या क्षणापासून ती जाऊच झाली. नवरा ओळखेना, पोरं ओळखेनात. स्वतःची पोरं तिला काकू म्हणायची आणि 'आई कुठं गेली' म्हणून तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडायची." म्हातारीने टरफलं झटकली. "दुसऱ्याच्या हाकेवर जाऊ नकोस."

"आणि माझी हाक आलीच नाही तर?"

म्हातारीने पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या.

सून घरी आली. दारात तिची लेक, जिला सगळे भिंगरी म्हणत, एका पायावर गोल गोल फिरत होती. आईला बघून ती फिरता फिरताच अंगावर कोसळली. त्या गरम, घामट डोक्याचा वास घेत सून तिथेच उंबऱ्यावर बसून राहिली. हिने मला काकू म्हटलं तर? आत्या म्हटलं तर? त्यापेक्षा त्या काळोखात राहिलेलं बरं, असं तिला वाटलं. आणि लगेच तो काळोख आठवला. छे, तेही नको होतं. दोन्हीपैकी काहीच नको होतं.

त्या दिवसापासून ती सासऱ्यांच्या मागे हात धुऊन लागली. पाणी दिलं की विचारायची, "बाबा, मी कोण?" पडवीत भाकरी कुस्करून वाढली की, "बाबा, मी कोण?" कधी म्हातारा नीट सांगायचा, "सूनबाई, असं काय विचारतेस?" मग तिला रडू यायचं, इतका आनंद व्हायचा. कधी नुसता टकमक बघायचा. आणि बहुतेक वेळा म्हणायचा, "ताई."

"तू उगाच त्यांना भंडावून सोडतेस," नवरा म्हणाला. पण त्याचाही चेहरा उतरला होता. "हे बघ, ताई म्हणाले तरी तू सरळ बाहेर ये. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या गोष्टी सगळ्या. नंतरचं नंतर बघू."

"आणि तुम्ही मला ओळखलं नाही तर?"

"मी? तुला? काहीतरीच तुझं!" तो हसला. मग चाकाच्या आसाला उगाच वंगण लावत बसला. ते सकाळीच लावून झालेलं होतं.

शिंग वाजलं ते भर दुपारी, भाकऱ्या तव्यावर असताना. ज्योती एकदम विझल्या. गावभर भांडी पडल्याचे, दारं आपटल्याचे, पोरांना हाका मारल्याचे आवाज उठले. नवऱ्याने भिंगरीला काखोटीला मारलं, सुनेने सासऱ्यांचा हात धरला, आणि सगळे पडवीत धावले. मागच्या वेळी सासरे पडवीच्याच दारातून बाहेर गेले होते, म्हणून आताही तेच दार. म्हणजे पाठ पुन्हा त्या टोकाकडे.

"बाबा, बाहेर जा. आणि आम्हाला हाक मारा. आधी मुलगा, मग नात, मग सून. काय?" नवरा म्हणाला.

"माहीत आहे मला," सासरे रागावले. "मला शिकवतोस?" आणि काठी टेकत उंबरा ओलांडून गेले.

बाहेर रस्ता होता, पण तो रस्ता वाटेना. उजेड वेगळाच होता. सासरे वळले, आणि त्यांचा आवाज भलताच मोठा, खणखणीत आला. "मुला, ये!"

नवरा गेला. उंबऱ्यावर त्याने एकदा मागे पाहिलं.

"नाती, ये गं!"

भिंगरी आईचा पदर सोडेना. सुनेने तिची बोटं एकेक करून सोडवली, तिला ढकललं आणि म्हणाली, "जा, मी आलेच." पोर बाहेर गेली आणि वळून आईकडे हात पसरून काहीतरी म्हणाली. तोंड हललं, आवाज आला नाही. पलीकडून फक्त हाक मारणाऱ्याचा आवाज ऐकू येतो, हे सुनेला कोणी सांगितलं नव्हतं.

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला.

"ताई!" ते ओरडले.

पलीकडे नवरा दोन्ही हातांनी खुणा करत होता, ये, ये, ये. भिंगरी रडत होती. शिंगाचा आवाज बारीक व्हायला लागला होता. एक पाऊल, आणि संपलं असतं. ती उंबऱ्याशी गेली. पाय उचलला.

"ताई, सोड! सोड की गं आता!"

आणि मागे, पार आतल्या टोकाला, काहीतरी जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. दोराचं टोक हातातून सुटल्यावर येतो तसा, सपकन. मग पावलं. अनवाणी, हलकी, धावत येणारी.

डोळे मिटून घ्यावेत, तर ते मिटेनात. पावलं अगदी पाठीशी आली आणि थांबली. मग तिच्या शेजारी, उंबऱ्याच्या दुसऱ्या अंगाला, एक मुलगी उभी राहिली. भिंगरीपेक्षा हातभर उंच. केसांत तागाचे तंतू, तळहात दोराने सोलवटलेले. ती धापा टाकत होती आणि सुनेकडे वर बघत होती. विचारत होती. खरंच विचारत होती, की ही हाक तुझी की माझी?

दारात दोघी एकदम मावल्या असत्या. हाक एकच होती.

सुनेला वाटलं, हिला ढकलावं. खोटं कशाला सांगायचं, वाटलंच तसं. हात उचललाही होता. पण ते सोलवटलेले तळहात बघितले आणि तो हात आपोआप मुलीच्या पाठीवर गेला. पाठ गार होती आणि थरथरत होती. ही आपल्याहून जास्त घाबरली आहे, हे तिला तेव्हा कळलं.

"जा बाळा," ती म्हणाली. "तुला बोलावतोय तो."

मुलगी गेली. म्हाताऱ्याने काठी टाकून दिली, तिला मिठी मारली आणि तिच्या एवढ्याशा खांद्यावर डोकं घालून ओक्साबोक्शी रडू लागला. झालं! आता तो पुरता सात वर्षांचा झाला होता. नवऱ्याने त्याला धरून हलवलं, दाराकडे बोट केलं, पुन्हा हलवलं. म्हातारा त्याच्याकडे भेदरून बघत ताईच्या मागे लपला.

"कोण आहे हा माणूस?" त्याचा आवाज आत ऐकू आला. "ताई, मला ओढतोय बघ!"

शिंग आता डासाच्या गुणगुणण्याएवढंच उरलं होतं. सुनेच्या मागे पडवीतला उजेड भिंतींपासून आत आत आटत येत होता. चाक दिसेनासं झालं. ती उंबऱ्याला धरून खाली बसली. भिंगरीकडे बघत राहिली. निदान शेवटपर्यंत तिच्या डोळ्यांत आई राहू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

मग तिला दिसलं की ती मुलगी म्हाताऱ्याचा कान धरून काहीतरी बोलते आहे. चांगला पिरगाळला होता कान.

"कोण?" म्हातारा म्हणाला. "ती दारातली? ...नाही, मी नाही ओळखत."

मुलगी बोलत होती, एका हाताने दाराकडे दाखवत.

"रोज माझ्यासाठी? ...भाकरी कुस्करून? ...खरंच? तू बघितलंस?" म्हाताऱ्याने सुनेकडे पाहिलं. "पण माझं तर लग्नच झालं नाही, मला सून कुठून येणार?"

मुलीने कान आणखी पिरगाळला.

"आई गं! म्हणतो, म्हणतो! सोड ना!" आणि पाठ केलेला धडा शिक्षकापुढे म्हणावा तसा, अक्षर न् अक्षर तोडत, काही अर्थ न कळता म्हातारा ओरडला, "सून-बाई, ये!"

शब्द त्याला कळले नसतील. पण नातं खरं होतं, आणि हाक त्याचीच होती. ती उठली नाही, उठताच आलं नाही. हातांवर, गुडघ्यांवर, रांगत बाहेर आली, आणि तिचा पाय उंबऱ्याच्या पलीकडे आला न आला तोच शिंग बंद पडलं.

"आई!" भिंगरी म्हणाली, आणि या वेळी ते ऐकू आलं. नवरा दोघींना धरून मातीतच बसला. सून लेकीला इतकं आवळत होती की पोर कळवळली. "पुन्हा म्हण," ती म्हणत होती. "मी कोण? पुन्हा म्हण." पोर रडत रडत आई, आई म्हणत राहिली.

बऱ्याच वेळाने तिने लेकीला सोडलं. नव्या युगाला कुठलं नाव द्यायचं यावर चौकात लोकांची वादावादी सुरू झाली होती. ताई रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसली होती. किती काळाने बसायला मिळालं होतं तिला! तिच्या मांडीला टेकून बसलेल्या सासऱ्यांनी सुनेकडे वळून बघितलं. बराच वेळ बघितलं, अगदी सभ्यपणे, अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

"तुमची सून," ती म्हणाली.

"असं का? बरं, बरं. माझ्या ताईला भूक लागली आहे."

"आणते हं, बाबा," ती म्हणाली, आणि डोळे पुसत उठली.